मानेचं मांस मामाकडे

मणिपूरच्या डोंगरांतल्या कुकी जमातीच्या शिकाऱ्याचं मुख्य हत्यार कोणतं, असं मला कुणी विचारलं तर मी बंदुकीच्या आधी चेमचं नाव घेईन. चेम म्हणजे रुंद पात्याचा, टोकाकडे पसरत गेलेला कोयता. जंगलात वाट काढायला तोच, बांबू फोडायला तोच, फासाची खुंटी तासायला तोच आणि जनावराचे वाटे करायलाही तोच. भाल्याचा दांडा, धनुष्याची कांब, बंदुकीचा दस्ता, सगळ्यांचा जन्म चेमखालीच होतो. म्हणून "मला फास करायला शिकवा" असं मी म्हटलं तेव्हा हेपूंनी मला आधी लोहाराच्या पडवीत नेऊन बसवलं.

थाडो या कुकी बोलीत आजोबांना हेपू म्हणतात. हे माझ्या मित्राचे आजोबा. मित्र पुण्यात माझ्याबरोबर शिकला. २०१८च्या नाताळाला त्याने घरी बोलावलं आणि मी हिवाळाभर तिथेच राहिलो. इम्फाळपासून साठेक किलोमीटरवर चुराचांदपूर. तिथले लोक त्या शहराला लम्काच म्हणतात. त्याच्या पुढे हेंगलेपच्या बाजूच्या डोंगरात त्यांचं गाव. झूमचं, म्हणजे जंगल तोडून-जाळून केलेल्या फिरत्या शेतीचं, भात घरात आलेलं, पुढच्या शेतासाठी जंगल तोडायला अजून अवकाश, त्यामुळे म्हाताऱ्या माणसांकडे शिकवायला वेळ होता.

एक गोष्ट हेपूंनी पहिल्याच संध्याकाळी ठरवून टाकली. जनावर मारायचं नाही. वन्यजीव संरक्षणाचा १९७२चा कायदा त्यांना नीट माहीत होता. त्याहून मोठं कारण त्यांनी स्वतःच सांगितलं. त्यांच्या लहानपणी ओढ्यापलीकडे भेकराचं ओरडणं रोज ऐकू यायचं, आता ते क्वचितच येतं. "हाताला शिकव, जंगलाला त्रास नको," असं ते म्हणाले आणि नातवाने ते मला हिंदीत सांगितलं. फास परसात लावायचा आणि काठीने उडवून पाहायचा, एवढीच परवानगी.

लोहाराला तिथे थिहखेंग म्हणतात. जुन्या गावगाड्यात गावप्रमुख, त्याचे सल्लागार, दवंडी देणारा, पुजारी यांच्या जोडीने लोहाराचंही पद असायचं. गावाची हत्यारं आणि शेतीची अवजारं त्याने करायची आणि गावाने त्याला धान्य द्यायचं. आता काम नगावर होतं आणि पैसे रोख मिळतात, पण पडवी तीच. ती मुद्दाम अंधारी ठेवलेली. उजेडात तापलेल्या लोखंडाचा रंग दिसत नाही आणि रंग चुकला की पातं गेलं.

त्यांचा भाता मी तासन्‌तास पाहिला. आपल्याकडचा कातडी भाता फुगतो आणि दबतो. हा तसा नाही. जमिनीत उभे रोवलेले दोन पोकळ ओंडके, प्रत्येकात एक दांडा, दांड्याच्या टोकाला कोंबडीच्या पिसांची दाट झालर. एक मुलगा वर बसून दोन हातांनी दोन दांडे आळीपाळीने खाली-वर करतो. खालून दोन बांबूच्या नळ्या निघतात आणि भट्टीच्या तोंडाशी एक होतात. एक दांडा वर जात असताना दुसरा खाली येत असतो, त्यामुळे वारा मध्ये तुटत नाही. पिसं ओंडक्याच्या आतल्या भिंतीला चिकटून सरकतात, हवा निसटू देत नाहीत, आणि दांडा वर खेचताना सहज मिटतात. रबराच्या पडद्याने जे साधतं ते इथे कोंबडीच्या पिसांनी साधलेलं. मुलगा दमला की मी बसलो. खांदे भरून आले, पण निखाऱ्याचा आवाज एकसारखा राहायला लागला तसा लोहाराने माझ्याकडे बघणं सोडलं, आणि त्याचा मला फार आनंद झाला.

पोलाद ट्रकच्या पाट्याचं, लम्काच्या भंगारवाल्याकडून आणलेलं. तुकडा भट्टीत घालण्याआधी लोहाराने एकच प्रश्न विचारला, मी कोणत्या हाताने काम करतो. मी डावखुरा. चेमला धार एकाच अंगाने असते, दुसरं अंग सपाट. घाव तिरका बसतो आणि पातं बांबूत रुतून न बसता त्याची ढलपी काढून बाहेर येतं. उजव्या हाताचा चेम डाव्या हाताने चालवला तर तो लाकडात शिरण्याऐवजी घसरतो, पायावर येतो. त्यामुळे माझ्या पात्याची धार नेहमीच्या उलट अंगाने काढली गेली. त्या घरात तो चेम दुसऱ्या कुणालाच वापरता येणार नव्हता. हेपी, म्हणजे आजी, त्यावर म्हणाल्या की बरंच झालं, उसना मागायला कुणी येणार नाही.

पोलाद नारिंगी होईपर्यंत तापवायचं, घण मारायचा, रंग विझत लाल झाला की परत निखाऱ्यात. पिवळंपांढरं होऊ द्यायचं नाही. ठिणग्या उडायला लागल्या म्हणजे पोलाद जळायला लागलं. पातं आकाराला आलं की पाणी द्यायचं, आणि सगळा जीव तिथेच पणाला लागतो. उभ्या चिरलेल्या बांबूच्या पन्हळीत पाणी. त्यात फक्त धारेची कड बुडवली, पाठ बाहेर. लगेच वर काढून कड दगडावर घासून उजळ केली. आता पाठीतली उष्णता हळूहळू कडेकडे सरकते आणि उजळ पोलादावर रंग चढत येतात. कड वाळक्या गवतासारखी पिवळी झाली त्या क्षणी लोहाराने अख्खं पातं पाण्यात सोडलं. जरा उशीर झाला असता तर निळा रंग येऊन धार मऊ पडली असती. आधी बुडवलं असतं तर गाठीवर बसताच तुकडा उडाला असता. हे त्याने तोंडाने सांगितलं नाही. मनगट धरून मला दाखवलं.

मूठ बांबूच्या मुळाची. जमिनीखालचा तो भाग भरीव आणि जवळजवळ कड्यांचा असतो, त्यामुळे ओल्या हातातूनही निसटत नाही. भोक पाडून त्यात लाख भरायची, पात्याचं शेपूट तापवून आत दाबायचं, वर वेताच्या पातळ पट्टीचं कडं घट्ट विणायचं. मी ते कडं किती वेळा उसवलं आणि परत विणलं याला हिशेब नाही. वेत ओला असताना ओढून बसवलेला, वाळल्यावर आवळतो. एवढं साधं तत्त्व, पण बोटांना कळायला वेळ लागतो.

मग बांबू. हेपू बनात शिरायचे, एखाद्या बांबूवर चेमची पाठ आपटायचे, आवाज ऐकायचे आणि पुढे जायचे. पहिल्या वर्षाचा बांबू हिरवागार आणि गुळगुळीत असतो, पण त्यात ताकद नसते. अंगावर पांढुरके डाग आलेला, खालची पानं झडलेली तिसऱ्या वर्षाची काठी खुंट्यांना आणि पट्ट्यांना चांगली. हिवाळ्यात, अमावास्येच्या आसपास तोडली तर भुंगा कमी लागतो, हे त्यांनी सांगितलं तेव्हा मला कोकणातल्या आमच्या गड्याची आठवण झाली. तोही हेच म्हणायचा.

बांबूबद्दल बोलताना हेपू मौतामकडे, म्हणजे बांबू फुलल्यावर येणाऱ्या दुष्काळाकडे, वळले, आणि मग त्या दिवशी काम झालं नाही. त्या डोंगरांत वाढणारी मुळी जातीची बांबूची बनं साधारण ४८ वर्षांनी एकदम फुलतात, फळतात आणि मरतात. फळांवर उंदीर पोसतात, त्यांची संख्या अफाट वाढते, आणि फळं संपली की ते उभ्या भातावर पडतात. १९५८-५९चा फुलोरा आला तेव्हा हेपू चौदा-पंधरा वर्षांचे होते. घरातली सगळी मुलं रात्र रात्र बांबूच्या नळीचे उंदीरसापळे करत बसायची. एका पेरात दाणा, पेराच्या तोंडाशी दोरीचा फास, वर वाकवलेली बारीक कांब. उंदराने दाणा हलवला की कांब सुटते. हेपू मोठ्या जनावरांचे फास शिकले ते नंतर. पहिले धडे या उंदरांवर, पोटासाठी. दुसरा फुलोरा २००६ ते २००८ मध्ये आला तेव्हा सरकारी विष होतं, लोखंडी पिंजरे होते, पण त्यांनी नातवंडांना बसवून नळीचेच सापळे करायला लावले. माझा मित्र त्यांतलाच एक. पुण्याच्या वसतिगृहात त्याने टूथब्रशच्या नळीचा असाच सापळा करून दाखवला होता, हे मला तिथे बसल्यावर आठवलं.

फासाची रचना सांगायला सोपी आहे. एक जिवंत, लवचिक रोप वाकवायचं. त्याच्या शेंड्याला दोरी, दोरीच्या टोकाला फास, मध्ये बोटाएवढी आडवी खुंटी. जमिनीत कमानीसारखी वाकवलेली काठी रोवायची, खुंटी तिच्याखाली अडकवायची आणि खुंटीचं दुसरं टोक एका आडव्या पट्टीवर टेकवायचं. त्या पट्टीवर बांबूच्या कामट्या पसरून वर पाचोळा घालायचा. कामट्यांवर पाय पडला की पट्टी खाली, खुंटी मोकळी, रोप वर. सगळी कारागिरी खुंटीच्या खाचेत. खाच खोल असेल तर फास उडत नाही. उथळ असेल तर वाऱ्याने उडतो. हेपू खाच नखाने तपासायचे. त्यांच्या अंगठ्याचं नख त्यासाठी वाढवलेलं होतं.

मला सर्वांत आवडलं ते वजन लावणं. झूमच्या शेताभोवती दाट कुंपण घालून त्यात अधूनमधून वाटा सोडतात आणि फास त्या वाटांवर असतात. तिथून रानडुक्कर येतं, साळिंदर येतं, रानकोंबडीही येते. पिकाचं खरं नुकसान डुकराचं. म्हणून पट्टीचं टेकण असं बसवायचं की कोंबडी चालून गेली तर काही होऊ नये. हेपूंनी त्यासाठी मला तांदळाची पुरचुंडी दिली. ती कामट्यांवर ठेवली तर फास शांत राहिला पाहिजे, आणि तळहाताने दाबलं तर उडाला पाहिजे. या दोहोंच्या मध्ये आणण्यात माझे दिवस गेले. ज्या दुपारी ते जमलं, त्या दुपारी मी पुरचुंडी ठेवून आणि उचलून ते पुन्हा पुन्हा पाहिलं.

दोरी ओदालच्या सालीची. आपल्या कांडोळाच्या कुळातलं झाड. ओदाल हे आसामीतलं नाव. आतली साल पट्ट्यांनी सोलायची, पाण्यात कुजवायची, ठेचून धागे मोकळे करायचे आणि मांडीवर वळायचे. चांगली वळलेली दोरी डुकराला धरते. पण एका पावसाळ्यात ती सडते, आणि हेपूंच्या मते हाच तिचा मोठा गुण. विसरलेला फास आपोआप मरतो. आता बरेच जण मोटारसायकलच्या क्लचची तार वापरतात. ती सडत नाही. लावणारा गाव सोडून गेला, आजारी पडला, विसरला, तरी तार वर्षानुवर्षं जंगलात तोंड उघडून बसते. जनावराचा पाय कापते, आणि त्या जनावराचं मांस कुणाच्याच घरी जात नाही. एरवी मऊ बोलणारे हेपू तारेबद्दल बोलताना चिडायचे. पूर्वी फास लावणाऱ्याला रोज पहाटे फेरी मारावीच लागे. दोरी ओली झाली का, खुंटी फुगली का, हे बघावं लागे. तारेने ती फेरी संपवली. शिकारीवरच्या बंदीबद्दल शहरात बोलताना आपण बंदूक आणि फास एका ओळीत घेतो. मला वाटतं, सालीची दोरी आणि क्लचची तार यांतला फरक कळल्याशिवाय या बाबतीत काही बोलू नये.

बंदूकही पाहिली. घरची, परवान्याची, ठासणीची. निवडणूक आली की ठाण्यात जमा करायची आणि नंतर परत आणायची. दस्त्याचं लाकूड हातांच्या तेलाने काळं झालेलं. दारू मिथुनाच्या शिंगात ठेवलेली, तोंडाला लाकडी बूच, सोबत मापाची छोटी बांबूची नळी. मिथुन हा तिकडचा अर्धा पाळीव, अर्धा रानातला बैल. मोठ्या मेजवानीला आणि लग्नाच्या देण्यात त्याला मान. एकेकाळी दारूही गावातच तयार व्हायची.

या बंदुकांनीच १९१७ ते १९१९ची लढाई लढली गेली. पहिल्या महायुद्धात फ्रान्सला मजूर पाठवायचा इंग्रजांचा हुकूम आला, कुकी प्रमुखांनी तो नाकारला. धुमसतं लाकूड आणि मिरची गावोगाव फिरवून लढाईचा सांगावा गेला. बंदुका अपुऱ्या, तोफा नाहीतच. तेव्हा त्यांनी कातड्याच्या तोफा केल्या. जाड कातडं थरावर थर गुंडाळून नळी करायची, कातडी वाद्यांनी आवळायची, बत्ती द्यायला भोक पाडायचं आणि वाटेवर झाडीत दडवून ठेवायची. तिला पुम्पी म्हणतात. हेपूंचे आजोबा त्या पिढीतले. ओलं कातडं वाळताना आवळतं, हे जे वेताच्या कड्यात मी बोटांनी शिकत होतो, त्याच गुणावर ती तोफ उभी होती. लढाई संपल्यावर इंग्रजांनी घरोघरच्या बंदुका काढून घेतल्या, आणि हेपूंच्या म्हणण्याप्रमाणे त्यांच्या वडिलांची सगळी उमेद फासांवर आणि भाल्यावर, म्हणजे तेंगचावर गेली.

इथपर्यंत मी हत्यारं पाहत होतो. शिकवणं संपलं असं मला वाटलं तेव्हा हेपूंनी परसात कोळशाने जमिनीवर एक जनावर काढलं आणि म्हणाले, आता वाटे सांग. मला येईनात. मग त्यांनी एकेक भागावर काठी ठेवली. मागची मांडी, सामल, गावप्रमुखाची. ज्याच्या जमिनीवर जनावर पडलं त्याचा तो हक्क. पाठीचं मांस, सातिंग, कुळातल्या थोरल्या घराचं. मान, सांगोंग, आईच्या भावाची. लोहाराचाही वाटा, कारण पातं त्याचं. उरलेलं घर आणि शेजार. हे चुकलं तर भांडण होतं, कधी कधी पंचांपुढे जातं. थोरल्या घराला सातिंग न देणं म्हणजे त्याला थोरलं न मानणं.

मला जे सांगायचं आहे ते हेच. संग्रहालयाच्या काचेत भाला, शिंग, फास मांडलेले असतात. त्यांच्याशेजारी या वाट्यांचा नकाशा कधीच नसतो. हेपूंच्या हिशेबात मात्र फासाची शेवटची गाठ मामाच्या दारात बसते. तिथे मांस पोचलं नाही तर हत्यार अर्धंच राहिलं.

जुन्या काळी मोठं जनावर, वाघ, हत्ती, अस्वल, मारणाऱ्याने सा-आइ करायचा असे. मेजवानी, घंटानाद, विजयगीत. मारलेल्या जनावरांचे आत्मे मिथिखोत, म्हणजे मेलेल्यांच्या गावात, शिकाऱ्याच्या सोबतीला येतात असा विश्वास होता. असा मान मिळवलेल्याच्या अंगावर साइपीखुप शोभे, गडद रंगावर भरतकाम केलेली शाल. म्हणजे शिकारीच्या कारागिरीत कंबरमागावर बसलेल्या बायकांचाही हात. वॉटकिन रॉबर्ट्स हे वेल्श मिशनरी १९१०मध्ये सेनवोन गावी आले, त्यानंतर ख्रिस्ती धर्म या डोंगरांत पसरला आणि सा-आइ थांबला. हेपूंच्या घरी रविवारी चेमला हात लावायचा नसे, सगळे चर्चला. हेपींची साइपीखुप पेटीत होती. त्यांनी ती मला उलगडून दाखवली, पण अंगावर घेऊ दिली नाही. ते योग्यच होतं.

वाटे मात्र थांबलेले नाहीत. ते आता घरच्या डुकरावर, मिथुनावर चालतात. मी निघण्याआधी मित्राच्या चुलत बहिणीचं लग्न झालं. डुक्कर कापताना हेपूंनी माझा डावखुरा चेम मागितला, बघितला, आणि मलाच पुढे बसवलं. सातिंग त्यांनी स्वतः काढला. मान कापायला मला सांगितली. केळीच्या पानात बांधून ती मी मित्राबरोबर त्याच्या मामाच्या घरी नेऊन दिली. मामी दारात उभी होती. तिने पान उघडून पाहिलं, मान पूर्ण आहे ना ते तपासलं, आणि मग आम्हाला चहाला आत घेतलं. मी परका आहे म्हणून तपासणीत सूट नव्हती.

मे २०२३मध्ये मणिपूर पेटलं. इम्फाळ खोऱ्यातले मैतेई आणि डोंगरांतले कुकी-झो, दोन्हीकडची घरं जळली, साठ हजारांच्या आसपास माणसं बेघर झाली. ते मामा-मामी काही वर्षांपूर्वी इम्फाळला राहायला गेले होते. त्यांचं घर गेलं आणि आता ते शिलाँगला भाड्याने राहतात. कुकींना इम्फाळमार्गे जाता येत नाही. लम्काहून बाहेर पडायचं तर डोंगरातल्या रस्त्याने आधी मिझोराममधलं ऐझॉल गाठावं लागतं. हेपूंच्या गावातही बंदुका पुन्हा पहाऱ्यावर निघाल्या, आणि त्याबद्दल फोनवर बोलायला ते तयार नसतात. फासाबद्दल विचारलं की बोलतात.

गेल्या नाताळाला हेपूंच्या घरी डुक्कर कापलं तेव्हा मान कुठे पाठवायची यावर चर्चा झाली. गावातल्या दुसऱ्या मामेभावाकडे द्यावी, असं काहींचं म्हणणं पडलं. हेपूंनी ऐकलं नाही. मान चुलीवरच्या शिंकाळ्यात टांगून धुराने वाळवली, पोत्यात शिवली, लम्काहून ऐझॉलच्या गाडीत घातली, आणि तिथून ओळखीच्या ओळखीने शिलाँगला पोचवली. मामींनी फोन करून पहिली गोष्ट सांगितली ती ही, की पोतं उघडलं, मान पूर्ण आहे.